मूळ पासवर्ड एकच आणि शेपटीला साइटचं नाव – ही पद्धत किती दिवस चालेल?

चाफेकळी

मंडळी, एक पद्धत तपासून हवी आहे. खाती साधारण नव्वद. सगळीकडे दहा अक्षरांचा एकच मूळ पासवर्ड, त्यात एक कॅपिटल, एक अंक, एक ॲटचं चिन्ह, आणि शेवटी त्या साइटच्या नावातली पहिली तीन अक्षरं. दर तीन महिन्यांनी अंक एकाने वाढवायचा. म्हणजे प्रत्येक पासवर्ड वेगळा, तेरा अक्षरी, आणि कुठेही लिहून ठेवलेला नाही.

शंका चार. ही शेपटीची पद्धत पुरेशी आहे का? पासवर्ड मॅनेजर म्हणजे सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात. जुडगाच गेला तर? ओटीपी सध्या एसएमएसवर येतात. ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड बनवणारं) घेतलं आणि फोनच हरवला तर आत कसं शिरायचं? आणि मराठी शब्द, शक्यतो देवनागरीतच, वापरले तर परक्याला ओळखता येणार नाहीत, हे खरं का?

'जागरूक राहा' छापाचे सल्ले वाचून झालेत. बटण कुठलं, आकडा किती, अशा भाषेत सांगा.

शून्य_एक

पहिल्या शंकेचं उत्तर: नाही, पुरेशी नाही. चोर तुमच्या दाराशी बसून पासवर्ड ओळखत नाही. तुम्ही जिथे खातं उघडलंय त्या नव्वदांपैकी कुणाचं तरी कोठार फुटतं आणि तिथली यादी बाहेर पडते. २००९ साली रॉकयू नावाच्या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड गेले, तेही जसेच्या तसे, साध्या अक्षरांत साठवलेले. २०१२ साली लिंक्डइनमधून गेलेले पासवर्ड हॅश केलेले होते (उलटं फिरवता न येणाऱ्या गणिताने दुसऱ्याच अक्षरांत बदललेले), पण एसएचए-१ या जुन्या पद्धतीने आणि सॉल्टशिवाय, म्हणजे प्रत्येक पासवर्डला वेगळी यादृच्छिक अक्षरं न जोडता. सॉल्ट नाही म्हणजे दोन माणसांचा पासवर्ड सारखा असेल तर हॅशही सारखा. एक फुटला की दोन्ही फुटले. त्या चोरीतल्या ११ कोटी ७० लाख खात्यांची यादी विक्रीला आली २०१६ मध्ये. चोरी आणि विक्री यांत चार वर्षं! तोवर बहुतेकांना आपण तिथे कोणता पासवर्ड दिला होता हेही आठवत नसतं, आणि तोच पासवर्ड दुसरीकडे अजून चालू असतो.

यादी हाती आली की ईमेल आणि पासवर्डची जोडी यंत्राकरवी शेकडो इतर साइटवर लावून बघतात. इथे तुमची शेपटी थोडी उपयोगी पडते, कारण जोडी जशीच्या तशी लागत नाही. पण तुमचा पत्ता दोन वेगवेगळ्या गळत्यांमध्ये सापडला की दोन ओळी एकाखाली एक येतात: पहिली दहा अक्षरं तीच, शेवटची तीन त्या त्या साइटची. हे कळायला डिटेक्टिव्ह लागत नाही. अंक वाढवण्याचंही तेच. हॅश फोडणाऱ्या प्रोग्रॅमसोबत नियमांच्या फायलीच मिळतात. शेवटचा अंक बदल, पहिलं अक्षर कॅपिटल कर, 'ए'च्या जागी ॲटचं चिन्ह टाक, हे सगळे नियम त्यांत आधीपासून असतात. माणसाला जी युक्ती सुचते ती लाखोंना सुचलेली असते.

दर तीन महिन्यांनी बदलायचं हे तर सोडूनच द्या. ही सवय लावण्यात अमेरिकेतल्या निस्ट या मानक-संस्थेच्या २००३ सालच्या मार्गदर्शिकेचा मोठा हात. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टने नियम उलटे केले: ठरावीक मुदतीने बदल सक्तीचा नको, कॅपिटल-अंक-चिन्हांची सक्ती नको, लांबी वाढवू द्या आणि नवा पासवर्ड गळालेल्या याद्यांशी ताडून बघा. पासवर्ड बदलायची खरी वेळ एकच, तो फुटल्याचा संशय आला की. मग तीन महिने काय, तीन तासही थांबू नका.

आता आकडे. कीबोर्डवर साधी ९५ चिन्हं आहेत. आठ अक्षरांचा पूर्ण यादृच्छिक पासवर्ड घेतला तर शक्यता होतात सुमारे ६६ वर १४ शून्यं. ऐकायला अफाट वाटतं. पण साइटने एमडी५सारखा जुना, वेगवान हॅश वापरला असेल तर एक तगडं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १०० अब्जांवर अंदाज तपासतं, म्हणजे सगळ्या शक्यता १८ तासांत संपतात. एका कार्डावर. बीक्रिप्टसारखा मुद्दाम हळू केलेला हॅश असेल तर तेच काम लाखो पटीने रेंगाळतं. पण साइट काय वापरते ते बाहेरून तुम्हाला दिसत नाही, म्हणून वाईटात वाईट धरून चालायचं. मोठी-छोटी अक्षरं आणि अंक मिळून ६२ चिन्हं. त्यांतली १६ यादृच्छिक घेतली की एमडी५ असला तरी कुणाच्या आवाक्यात येत नाही. मॅनेजरच्या जनरेटरमध्ये लांबी २० करा आणि विसरून जा. चिन्हांचा खण बंद ठेवला तरी हरकत नाही. अर्ध्या साइटना कुठलंतरी चिन्ह चालत नसतंच.

तुमचा पत्ता कुठल्या गळत्यांमध्ये आहे ते 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर बघता येतं. ट्रॉय हंट यांनी ती २०१३ मध्ये सुरू केली. तिथे पासवर्ड तपासायचीही सोय आहे आणि 'आपला पासवर्ड परक्या साइटवर टाकायचा?' ही शंका रास्तच. पण ती रचना बघण्यासारखी आहे: पासवर्डचा हॅश तुमच्याच ब्राउझरमध्ये काढला जातो, त्याची फक्त पहिली पाच चिन्हं पुढे जातात, तिकडून त्या पाचांनी सुरू होणारे सगळे हॅश परत येतात आणि जुळणी तुमच्याच मशीनवर होते. ज्या साइट अख्खा पासवर्ड मागतात आणि 'तुमचा पासवर्ड किती मजबूत' म्हणून हिरवी-लाल पट्टी दाखवतात, तिकडे खरा पासवर्ड टाकू नका.

गवाक्ष

वरच्याशी सहमत, पण किल्ल्यांच्या जुडग्याचं उत्तर राहिलं.

भीती खरी आहे. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरमधून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या (साठवलेल्या पासवर्डांच्या) प्रतीच चोरीला गेल्या. आतले पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते, पण साइटचे पत्ते उघडे होते. म्हणजे कुणाचं खातं कुठे आहे हे चोराला दिसत होतं. पुढचं सगळं दोन गोष्टींवर अवलंबून होतं. पहिली म्हणजे मास्टर पासवर्ड, ज्याने अख्खी तिजोरी उघडते तो. दुसरी कमी लोकांना माहीत असते: मास्टर पासवर्डपासून किल्ली बनवताना गणित किती वेळा फिरवलं जातं तो आकडा. लास्टपासच्या काही जुन्या खात्यांत तो ५००० किंवा त्याहूनही कमी राहिला होता, कारण कंपनीने नव्यांसाठी वाढवला तरी जुन्यांचा आपोआप वाढला नाही. बिटवॉर्डन या दुसऱ्या मॅनेजरमध्ये नव्या खात्यांना सध्या ६ लाख मिळतो. तुमचं खातं जुनं असेल तर वेब तिजोरीत सेटिंग्ज, सिक्युरिटी, कीज इथे जाऊन बघा. एक लाख दिसला तर वाढवा, किंवा आर्गॉन२आयडी ही किल्ली बनवायची दुसरी पद्धत निवडा. वाढवण्याआधी तिजोरीची प्रत काढून ठेवा, कारण बदल होताच सगळीकडून लॉगआउट होतं.

जुडगा चोरीला गेला तरी उघडत नाही, ही त्यातली गोम आहे. तुमच्या पद्धतीत जुडगा चोरावाही लागत नाही. एक किल्ली मिळाली की बाकीच्या कानशीने घासून होतात.

कुठला घ्यायचा? तिजोरी कुणा कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलेली चालत असेल तर बिटवॉर्डन किंवा वनपासवर्ड. नको असेल तर कीपासएक्ससी. त्यात सगळी तिजोरी म्हणजे एक फाइल, ती कुठे ठेवायची ते तुम्ही बघायचं. कीपासची ठरलेली भानगड एकच: फाइल क्लाउडमध्ये ठेवली, लॅपटॉप आणि फोन दोन्हीकडे एकाच वेळी बदल केला, की दोन प्रती तयार होतात आणि आठवड्याने कळतं की नवा पासवर्ड दुसऱ्याच प्रतीत आहे. घाबरून एक प्रत पुसू नका. डेटाबेस मेनूत 'मर्ज' आहे, त्याने दोन्ही जुळतात.

ब्राउझरमध्येच पासवर्ड साठवू नयेत असं सरसकट म्हणतात, ते मला पटत नाही. नव्वद ठिकाणी एकच मूळ पासवर्ड ठेवण्यापेक्षा ब्राउझरने सुचवलेले नव्वद वेगळे पासवर्ड शंभर पटीने बरे. अट एवढीच: ब्राउझर ज्या खात्याला बांधलाय त्या खात्यावर दुसरा घटक (पासवर्डशिवाय आणखी लागणारा कोड वगैरे) हवा, आणि फोनचा पिन सहा अंकी हवा, तोही जन्मतारखेचा नको. पिन बघून मग फोन पळवणारे चोर असतात. पिन माहीत असला की ते खात्याचा पासवर्डसुद्धा बदलतात. आयफोनवर २०२४ पासून यासाठी 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' आहे. अनोळखी ठिकाणी ॲपल खात्याचा पासवर्ड बदलायला चेहरा किंवा बोट लागतं, शिवाय तासभर थांबावं लागतं. सेटिंग्जमध्ये जाऊन चालू आहे ना तेवढं बघा.

आता स्थलांतर. नव्वदच्या नव्वद एका रविवारी करायला बसू नका. चाळिसाव्याला कंटाळा येतो आणि चुका तिथेच होतात. एका बैठकीत फक्त ईमेल, मॅनेजर, गूगल किंवा ॲपलचं खातं, बँक, मोबाइल कंपनीचं खातं. बाकीची जेव्हा जेव्हा लॉगिन कराल तेव्हा तेव्हा. दोन-तीन महिन्यांत ज्यांत शिरलाच नाहीत ती खाती मुळात हवीत का ते बघा. बंद केलेल्या खात्यातून पुढे काही गळत नाही.

पासवर्ड बदलताना हमखास होणारे दोन घोटाळे. एक: मॅनेजर नवा पासवर्ड साठवून टाकतो, इकडे साइट म्हणते 'हे चिन्ह चालत नाही', आणि जुना तर पुसला गेलेला. बिटवॉर्डन प्रत्येक नोंदीचे मागचे पाच पासवर्ड ठेवतं, नोंद उघडून खाली 'पासवर्ड हिस्टरी' बघा. दोन: पासवर्ड बदलायचा फॉर्म २० अक्षरांवर गुपचूप कापतो, लॉगिनचा फॉर्म कापत नाही. तुम्ही दिले २४, साठले २०, आणि आता २४ चालत नाहीत. म्हणून बदल केल्यावर ती खिडकी उघडीच ठेवायची, दुसऱ्या खासगी खिडकीत लॉगिन करून बघायचं, आणि शिरता आलं तरच पहिली बंद करायची. नाही शिरता आलं तर एक-एक अक्षर मागून कमी करत बघा, बहुतेकदा १६ किंवा २०वर उघडतं.

टिंबटिंब

देवनागरीच्या प्रश्नावर मी थांबलो होतो, कारण त्यात मजा आहे आणि धोकाही.

'क्षितिज' हा शब्द घ्या. डोळ्यांना तीन अक्षरं. कॉम्प्युटरला सात चिन्हं: क, हलन्त, ष, ऱ्हस्व वेलांटी, त, पुन्हा वेलांटी, ज. साठवताना प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे एकूण २१. बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच विचारात घेतं आणि बऱ्याच ठिकाणी पुढचं न सांगता सोडून देतं. इंग्रजी लिपीत ७२ बाइट म्हणजे ७२ अक्षरं, देवनागरीत म्हणजे २४ चिन्हं, साधारण तीन-चार शब्द. पाचवा शब्द तुम्ही श्रद्धेने टाइप करत राहता, पण तो मोजलाच जात नाही.

त्याहून वाईट म्हणजे 'दुसऱ्या'. यातला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक कीबोर्ड नुक्तावाला ऱ, हलन्त, य असं पाठवतो. दुसरा साधा र, हलन्त, मग न दिसणारं जोडचिन्ह, आणि य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. हॅश मात्र पूर्ण वेगळे. फोनवर ठेवलेला पासवर्ड ऑफिसच्या कॉम्प्युटरवर 'चुकीचा' ठरतो आणि काळे ठिपके बघून काही कळत नाही. शिवाय पासवर्डच्या चौकटीत बऱ्याचदा कीबोर्डच्या सूचना बंद होतात, त्यामुळे इंग्रजीत टाइप करून मराठी उमटवणारा कीबोर्ड तिथे चालत नाही. आणि कॉम्प्युटर नुकताच सुरू झाला असेल तर त्या पडद्यावर मराठी कीबोर्ड असेलच असं नाही. थोडक्यात, लॉगिनच्या पासवर्डात देवनागरी नको.

मग रोमन लिपीत मराठी शब्द? चालतील, पण 'परक्याला ओळखता येणार नाहीत' म्हणून नव्हे. गळालेल्या याद्यांत आपल्या भाषेतली नावं, देव, शिव्या आणि लाडाची नावं भरपूर आहेत, आणि फोडणारे प्रोग्रॅम शब्दकोशावर नव्हे, त्या याद्यांवर चालतात. म्हणीची किंवा आरतीची ओळ तर मुळीच नको. शब्द ओळीने लागलेले असतील तर सात शब्द म्हणजे एकच शब्द.

मास्टर पासवर्डसाठी खरी पद्धत फाशांची. अर्नल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये ती मांडली. यादीत ७७७६ शब्द, कारण पाच फाशांच्या तेवढ्याच जोडण्या होतात. पाच फासे टाका, आलेला पाच अंकी आकडा यादीत बघा, शब्द उचला. सहा वेळा करा. सहा शब्दांच्या शक्यता २२ वर २२ शून्यं. सेकंदाला १०० अब्जांच्या त्याच वेगाने सगळ्या तपासायला सत्तर हजार वर्षं. चारच शब्द घेतले तर दहा तास. चार आणि सहा यांत एवढं अंतर आहे, म्हणून कंजुषी नको.

फासे नसतील तर मॅनेजरच्या जनरेटरमध्ये 'पासफ्रेज' निवडा, शब्द ६, मध्ये डॅश. आणि पहिलं आलं तेच घ्या! 'हे नको, पुढचं बघू' करत वीस वेळा बटण दाबून आवडीचं निवडलं की निवड पुन्हा तुमच्या डोक्यात आली. शब्द तुमचे हवे असतील तर मराठी यादी करता येते, पण स्पेलिंग आधी ठरवून टाका. 'पाऊस' रोमनमध्ये निदान चार प्रकारे लिहिला जातो, आणि सहा महिन्यांनी त्यातला कुठला होता हे आठवताना घाम फुटतो.

पाठ कसं होतं? पहिला आठवडा मॅनेजरची बोटाने उघडायची सोय बंद ठेवा आणि रोज दोन-तीनदा हाताने टाइप करा. शब्द बोटांत बसतात. मग बोट चालू करा, पण आठवड्यातून एकदा तरी पूर्ण टाइप करायला लागेल असं सेटिंग ठेवा, नाहीतर विस्मरण ठरलेलं.

उंटावरचा

तज्ज्ञ मंडळी कुलूप कसं भक्कम करायचं ते सांगून गेली. मी उलटीकडून येतो, कारण चोरापेक्षा जास्त लोक स्वतःच्याच कुलपामुळे बाहेर राहतात.

हे वर्तुळ बघा. ईमेलचा पासवर्ड मॅनेजरमध्ये. मॅनेजर नव्या कॉम्प्युटरवर उघडताना तो कोड पाठवतो ईमेलवर. (बिटवॉर्डनमध्ये दुसरा घटक लावला नसेल तर २०२५ पासून असंच होतं.) ईमेल उघडायला लागतो ऑथेंटिकेटरचा कोड, आणि ऑथेंटिकेटर त्या फोनमध्ये, जो आत्ताच विहिरीत पडला. प्रत्येक कुलूप उत्तम, आणि प्रत्येकाची किल्ली पुढच्या कुलपाच्या आत.

हे तोडायचं कागदाने. एका कागदावर मॅनेजरचा ईमेल पत्ता आणि मास्टर पासवर्ड, मॅनेजरच्या दुसऱ्या घटकाचा रिकव्हरी कोड, ईमेलचा पासवर्ड आणि ईमेलचे बॅकअप कोड. गूगल एका वेळी दहा कोड देतं, प्रत्येकी आठ अंकी, प्रत्येक एकदाच चालतो. नवा संच काढला की जुने दहाही बाद. कागदाच्या दोन प्रती, दोन वेगळ्या वास्तूंत, जिथे घराची कागदपत्रं ठेवता तिथे. फोटो काढून ठेवायचा नाही, फोटो क्लाउडमध्ये जातो. शाईच्या पेनाने लिहू नका, ओल लागली की गेलं, बॉलपेन. शून्य आणि 'ओ', एक आणि छोटा 'एल' यांच्यावर खूण करा.

कागदावर पासवर्ड लिहायचा नाही असं शिकवलेलं असतं. मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी आणि कपाटातलं बंद पाकीट यांत फरक आहे. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्याला तुमचं कपाट उघडता येत नाही.

ऑथेंटिकेटर लावताना साइट क्यूआर कोड दाखवते. त्याच्याखाली 'स्कॅन करता येत नाही?' अशी बारीक ओळ असते. ती दाबली की अक्षरांची गुप्त किल्ली दिसते. ती उतरवून घ्या. दर ३० सेकंदांनी येणारे सहा अंक म्हणजे ती किल्ली आणि घड्याळाची वेळ यांचं गणित आहे फक्त. किल्ली जवळ असेल तर कुठल्याही फोनवर, कुठल्याही ॲपमध्ये तेच अंक येतात. आणि कोड सतत चुकीचे ठरत असतील तर आधी फोनचं घड्याळ बघा. हाताने लावलेली वेळ दोन मिनिटं पुढे असली की सगळे कोड नापास. वेळ आपोआपवर टाका.

एसएमएस वाईट का? नंबर तुमचा नसतो, मोबाइल कंपनीचा असतो. कुणी तुमच्या नावाने दुसरं सिम काढलं की ओटीपी त्याच्याकडे. तरीही काहीच नसण्यापेक्षा एसएमएस बरा, आणि काही ठिकाणी दुसरा पर्यायच नसतो. तिथे निदान सिमला पिन लावा, म्हणजे चोरीच्या फोनातलं सिम काढून दुसऱ्यात घातलं तरी चालत नाही. पण पिन लावण्याआधी पीयूके क्रमांक (अडकलेलं सिम उघडायचा कोड) हाताशी घ्या: पिन तीनदा चुकला की पीयूके मागतो, तो दहादा चुकला की सिम मेलं.

आणि सुरक्षाप्रश्न. पहिली शाळा, आईचं माहेरचं आडनाव. २००८ मध्ये अमेरिकेत उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं याहू खातं असंच उघडलं गेलं; जन्मतारीख, पिनकोड आणि नवऱ्याशी ओळख कुठे झाली, सगळी उत्तरं सार्वजनिक होती. उत्तर खरं द्यायचं बंधन नाही. मॅनेजरमधून तीन आडवेतिडवे शब्द काढा आणि नोंदीत लिहून ठेवा. फोनवर सांगावं लागेल म्हणून शब्दच, यादृच्छिक अक्षरं नकोत.

सगळं झालं की तालीम. फोन बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर खासगी खिडकी उघडा, आणि फक्त कागदाच्या जोरावर ईमेलमध्ये शिरून दाखवा. नाही जमलं तर कागदावर काहीतरी राहिलंय.

चाफेकळी

सगळ्यांचे आभार. शेपटी मोडीत काढली. ईमेल आणि मॅनेजर झाले, तालीम उद्या. दोन उपप्रश्न: एका साइटवर मॅनेजर पासवर्ड भरतच नाही, मग कॉपी करून डकवावा का? आणि पासकीचा (पासवर्डऐवजी उपकरणात किंवा मॅनेजरमध्ये राहणाऱ्या किल्लीचा) पर्याय सगळीकडे दिसायला लागलाय, तो घ्यायचा का?

गवाक्ष

डकवण्याआधी पत्त्याची पट्टी वाचा. मॅनेजर पान कसं दिसतं ते बघत नाही, डोमेन, म्हणजे पत्त्यातलं साइटचं नाव बघतो. साठवलेलं डोमेन आणि समोरचं डोमेन जुळत नसेल तर तो गप्प बसतो, आणि बनावट पानावर तो गप्प बसणं हीच त्याची मोठी कामगिरी. 'बिघडलंय वाटतं' म्हणून आपण हाताने डकवलं की ती वाया. पत्ता उजवीकडून डावीकडे वाचायचा: https:// नंतरच्या पहिल्या तिरक्या रेषेच्या (/) लगेच आधी जे नाव आहे ते मालकाचं, त्याच्याआधी काहीही लिहिता येतं.

खरंच साइटने लॉगिनचं पान दुसऱ्या डोमेनवर नेलं असेल, तर नेहमीच्या बुकमार्कवरून तिथे पोचा, खात्री करा, आणि मॅनेजरच्या त्याच नोंदीत दुसरा पत्ता जोडा. डकवणं टाळता येत नसेल तर मॅनेजरमध्ये क्लिपबोर्ड ३० सेकंदांत पुसायचं सेटिंग लावा. विंडोजमध्ये क्लिपबोर्डची हिस्टरी चालू असेल तर ती वेगळी, विंडोज बटण आणि व्ही दाबून बघा काय काय साठलंय.

पासकी घ्या, ईमेलला सगळ्यात आधी. त्यात सर्व्हरकडे गुपित जातच नाही, त्यामुळे तिकडचं कोठार फुटलं तरी चोराच्या हाती लागतं ते निरुपयोगी. आणि ती डोमेनला बांधलेली असते. ऑथेंटिकेटरचे सहा अंक तुम्ही बनावट पानावर भरले तर चोर ते त्या ३० सेकंदांत खऱ्या साइटवर वापरतो. पासकी बनावट पानावर उघडतच नाही. दोन सूचना. एकाच फोनमध्ये एकच पासकी ठेवू नका. मॅनेजरमध्ये किंवा दुसऱ्या उपकरणावर आणखी एक. आणि पासकी लावली तरी बहुतेक साइटवर पासवर्डचा मागचा दरवाजा उघडाच राहतो, तेव्हा त्या जागी तीच २० अक्षरं हवीत.

शून्य_एक

एक भर. हे सगळं ज्या मशीनवर करताय ते स्वच्छ आहे ना? फुकट मिळालेल्या 'क्रॅक' सॉफ्टवेअरसोबत येणारे चोर-प्रोग्रॅम ब्राउझरमधले पासवर्ड आणि कुकी दोन्ही उचलतात. कुकी गेली की पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही वळसा घालून चोर थेट आत, कारण साइटला वाटतं तुम्ही आधीच लॉगिन आहात. अशा मशीनवर पासवर्ड बदलला तर नवाही लगेच तिकडे जातो. आधी दुसऱ्या मशीनवरून बदल, मग 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट', मग ईमेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग, फिल्टर आणि जोडलेली ॲप तपासा. घुसलेला माणूस बरेचदा एक फिल्टर ठेवून जातो: 'पासवर्ड' हा शब्द असलेली पत्रं परस्पर पुढे पाठव आणि इकडून पुसून टाक. पासवर्ड दहादा बदलला तरी तो फिल्टर तिथेच असतो. संशयित मशीन पूर्ण पुसून नव्याने ऑपरेटिंग सिस्टिम टाका. अँटिव्हायरसने 'साफ केलं' म्हटलं म्हणून भागत नाही.

उंटावरचा

मॅनेजर बदलताना किंवा बॅकअप घेताना सीएसव्ही फाइल निघते, ती नव्वदच्या नव्वद पासवर्ड उघड्या अक्षरांत. डाउनलोड फोल्डर क्लाउडशी जोडलेलं असेल तर फाइल निघताच वरही गेली. आधी ते सिंक थांबवा, आयात झाली की फाइल पुसा, रिसायकल बिन रिकामी करा आणि क्लाउडच्या कचरापेटीतही डोकावा. बॅकअप हवा असेल तर एन्क्रिप्टेड निर्यात निवडा आणि तिला वेगळा पासवर्ड द्या.

आणि चाफेकळी, कागदावर तारीख घाला. मास्टर पासवर्ड पुढे कधी बदललात की दोन्ही पाकिटांतले कागद त्याच दिवशी बदला.